पुण्यातली नोकरी गेली, आता आखाजीला गावी काय सांगू?

पत्राचा सारांश: पत्रलेखक 42 वर्षांचे, मूळ यावल तालुक्यातल्या एका गावचे. सोळा वर्षं पुण्यात एकाच मोठ्या आयटी कंपनीत होते, त्यातली शेवटची सहा वर्षं वीस जणांच्या टीमचे मॅनेजर. डिसेंबरात प्रोजेक्ट बंद झाला. जानेवारीत एचआरनं बोलावून राजीनामा लिहून घेतला आणि तीन महिन्यांचा पगार देऊन मोकळं केलं. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत, फ्लॅटचा हप्ता 41 हजार. दीडशेच्या वर अर्ज केले, मुलाखती झाल्या तीन. नाशिकची एक छोटी कंपनी घ्यायला तयार आहे, पण पगार आधीपेक्षा जवळपास 40 टक्क्यांनी कमी. पत्नीखेरीज हे कुणालाच माहीत नाही. गावी 73 वर्षांचे अप्पा, धाकटा भाऊ आणि सात एकर केळीचं वावर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळं घर जमणार आहे. त्यांचे प्रश्न असे: अप्पांना आता सांगावं की नवी नोकरी लागेपर्यंत थांबावं? नाशिकला जाणं म्हणजे एक पायरी खाली उतरणं नाही का? की सगळं सोडून गावी येऊन केळीच लावावी?

भाऊ,

पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे, तिच्यापासून सुरुवात करते. "रात्री दोन-तीनला जाग येते आणि नको नको ते विचार येतात." ही ओळ वहिनींना वाचून दाखवा, आजच. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. विचार जिवावर उठणारे असतील तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा. झोप अशीच उडालेली राहिली तर डॉक्टरांकडे जा. अर्ज, मुलाखती, हप्ते हे सगळं त्याच्यानंतर.

आता नोकरीचं. तुमच्या पत्रात एक वाक्य तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी येतं: "मीच कुठेतरी कमी पडलो असणार." हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुमचा प्रोजेक्ट ग्राहकानं काम आवरतं घेतलं म्हणून बंद झाला, असं तुम्हीच लिहिलंय. जुलै 2025 मध्ये टीसीएसनं सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हाही त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले लोक जास्त असतील असं सांगितलं होतं. कोड लिहिणारा आणि ग्राहक यांच्या मधे उभा असलेला, पगार मोठा आणि स्वतःचं बिलिंग नाही, म्हणजे ज्याच्या तासांचे पैसे ग्राहकाकडून येत नाहीत, असा माणूस कंपनीच्या हिशोबात आधी दिसतो. बारा हजार माणसं एकाच वेळी नालायक होत नाहीत. कंपनी तुमची कुठलीही असो, हिशोबाची तऱ्हा हीच.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडची आहे आणि ती झाकून तुमचं भलं होणार नाही. सहा वर्षं तुम्ही स्वतःच्या हातानं तांत्रिक काम केलेलं नाही. तिन्ही मुलाखती तिथंच अडल्या, हेही तुम्हीच लिहिलंय. हा दोष म्हणून नका घेऊ, काम म्हणून घ्या. रोज सकाळचे दोन तास, अर्ज करायच्या आधी, एकाच विषयाला द्या. एकच. क्लाउड म्हणा, डेटा म्हणा, टेस्टिंगमधलं ऑटोमेशन म्हणा, जे तुमच्या जुन्या कामाला लागून असेल ते. चार कोर्सची चार प्रमाणपत्रं गोळा करण्यापेक्षा एखादी छोटी गोष्ट स्वतः बनवून मुलाखतीत दाखवता आली, तर समोरच्याचं मत बदलतं.

आणि आता अप्पा. तुम्ही लिहिता, "अप्पांना हे सहन होणार नाही." त्याच पत्रात तुम्ही असंही लिहिलंय की परवा ते फोनवर म्हणाले, "आजकाल दुपारी पण फोन उचलतोस रे." मला वाटतं, त्यांना काहीतरी कळलंय. बोलत नाहीत, कारण तुम्ही बोलत नाही.

अप्पांना नोकरी जाणं म्हणजे काय हे समजत नाही असं धरून चालू नका. आपल्याकडे आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल संपतं. त्या दिवशी हिशोब होतो. सालदार जुनं घर सोडून दुसऱ्याकडे लागतो, नाहीतर मालकच म्हणतो की यंदा मला सालदार परवडत नाही. अप्पांनी हे व्यवहार आयुष्यभर स्वतः केलेत. ज्याचं साल संपलं तो कामाचा वाईट, असं गाव धरत नाही. उलट चार जण त्याला विचारायला येतात, कारण तो मोकळा झालाय हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही मोकळे झालात हे तीन महिन्यांत कुणालाही कळलेलं नाही.

खरी अडचण मला इथं दिसते. तुम्हाला वाटतं, आधी नोकरी मिळवू, मग सांगू. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला नोकरी बहुतेक वेळा ओळखीतून मिळते. वशिला म्हणत नाही मी. ज्यानं तुमच्याबरोबर काम केलंय आणि तुमचं काम पाहिलंय, त्यानं पुढे केलेलं नाव, एवढंच. पोर्टलवरच्या दीडशे अर्जांत तुम्ही हजारोंपैकी एक. तुमच्या जुन्या टीममधून बाहेर पडून आज दुसरीकडे मोठ्या पदावर बसलेल्या मुलासाठी तुम्ही "सर" आहात. त्याला फोन केलात का? नाही केला, कारण तो पुण्यातल्या तुमच्या आतेभावाला ओळखतो आणि आतेभाऊ गावी सांगेल. म्हणजे लाज राखायला तुम्ही जो दरवाजा बंद केलाय, नोकरी येण्याचा रस्ताही त्याच दरवाज्यातून आहे. म्हणून सांगते, अप्पांना सांगणं हा नोकरी शोधण्याचाच भाग आहे, आणि तो सगळ्यात आधी करायचा.

सांगायचं कसं? पंगत बसलेली असताना नाही. आखाजीच्या एक दिवस आधी पोहोचा आणि त्यांना घेऊन वावरात जा. धाकट्या भावाला बरोबर घ्या, त्याला नंतर दुसऱ्याकडून कळता कामा नये. बोलणं लांबवू नका. "अप्पा, कंपनीनं माणसं कमी केली, त्यात माझं नाव आलं. घर इतके महिने चालेल एवढी सोय आहे. हप्ता थकलेला नाही. शोध चालू आहे." त्यातला महिन्यांचा आकडा आधी वहिनींबरोबर वही घेऊन काढा आणि खराच सांगा. म्हाताऱ्या माणसाला पोराच्या पदाची काळजी कमी असते. पोरगा कर्जात बुडाला नाही ना आणि तब्येत सांभाळून आहे ना, एवढंच त्याला बघायचं असतं. पहिल्या दिवशी ते कदाचित गप्प बसतील, कदाचित ओरडतीलही. ते होऊ द्या.

मुलीलाही सांगा. नववीतलं पोर घरातलं वातावरण ओळखतं. तिला न सांगितल्यानं ती निश्चिंत राहते असं नाही, ती स्वतःच्या मनानं काहीतरी जास्त भयंकर धरून बसते.

भाऊबंद जमले की कुणीतरी विचारणारच, "काय मग, पॅकेज किती झालं?" त्याला उत्तर तयार ठेवा आणि उत्तराला पुढे एक विनंती जोडा: "कंपनीनं आमचा विभाग कमी केला. मी बँकांच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर माझा नंबर द्या." विषय तिथंच कामाकडे वळतो. हेच वाक्य मुलाखतीतही चालतं. नोकरी का सोडली या प्रश्नाला जुन्या कंपनीची गाऱ्हाणी सांगू नका, आणि मधला काळ झाकायला खोट्या तारखा किंवा खोटी कंपनी तर मुळीच दाखवू नका. नवी कंपनी पीएफच्या नोंदी तपासू शकते, आणि तिथं कुठल्या महिन्यापर्यंत कुणी पैसे भरले हे स्पष्ट असतं.

तुम्ही सोबत जोडलेला बायोडेटा पाहिला. चार पानं आहेत. पहिलं अर्धं पान "ध्येय" या मथळ्याखाली गेलंय, पुढे टीम मॅनेजमेंट, स्टेकहोल्डर मॅनेजमेंट, डिलिव्हरी मॅनेजमेंट. हे शब्द प्रत्येक मॅनेजरच्या बायोडेटात असतात. आणि पत्रात मात्र तुम्ही सहज लिहून गेलात की एका बँकेची जुनी प्रणाली तुमच्या टीमनं शनिवार-रविवारच्या रात्री जागून नव्या प्रणालीवर नेली आणि सोमवारी सकाळी एकाही शाखेचं काउंटर बंद राहिलं नाही. ही गोष्ट बायोडेटात कुठेच नाही! ती पहिल्या पानावर, वरच्या चार ओळींत हवी. किती शाखा, किती जणांची टीम, किती दिवसांत, काय बिघडलं आणि तुम्ही ते कसं सावरलं. अशा तीन गोष्टी आठवून लिहा, बाकीचं सगळं दोन पानांत बसवा. मोठ्या सेवा कंपन्यांखेरीज परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं खराडी, बाणेर, हिंजवडीकडे आहेत, सहकारी बँका आहेत, बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या छोट्या कंपन्या आहेत. त्यांना तुमच्या पदनामाशी देणंघेणं नाही. बँकेचं काम न थांबवता प्रणाली बदलून देणारा माणूस त्यांना हवा असतो.

केळीबद्दल मी थोडं स्पष्ट बोलते. तुम्ही लिहिता, "शेवटी आपलं वावर आहेच." त्या वावरात गेली कित्येक वर्षं कोण राबतंय? तुमचा धाकटा भाऊ. त्याचं घर, त्याची पोरं त्याच सात एकरांवर आहेत. तुम्ही आलात की दोन संसार तेवढ्याच केळीवर येतात, आणि तुम्ही थोरले म्हणून निर्णय तुमच्याकडे सरकायला लागतात. त्याला विचारलंत का? पत्रात भावाचा उल्लेख एका ओळीचा आहे. घरं अशाच न विचारलेल्या गोष्टींवरून फुटतात आणि मग वाटणीची बोलणी सुरू होतात.

पिकाचं तुम्हाला मी नव्यानं काय सांगणार? पण हिशोब मांडून बघा. पाच बाय पाच फुटांवर लावली तर सात एकरांत बारा हजारांच्या आसपास खोडं. रोपं, ठिबक, खतं, मजुरी हे पैसे आधी जातात, घड हाती यायला अकरा-बारा महिने. भाव रावेर-बऱ्हाणपूरच्या बाजारात ठरतो, तुमच्या बांधावर नाही. मे-जूनमध्ये वादळ झालं तर निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, बाग एका संध्याकाळी आडवी होते. सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तर लहान रोपं उपटून फेकावी लागतात. हे सगळं पेलणारे शेतकरी आपल्या भागात आहेत, तुमचा भाऊ त्यातलाच. पण ज्याच्या डोक्यावर 41 हजारांचा हप्ता आहे आणि ज्याचा पगार थांबलाय, त्यानं कंपनीकडून मिळालेले पैसे केळीत घालायचे म्हणजे पहिला घड कापायच्या आधीच हप्ते थकणार. गावी यायचं असेल तर मनापासून या, पण दोन-तीन वर्षांचं बघून, भावाशी बोलून, हातात दुसरं काही उत्पन्न ठेवून. घाबरून नको.

घाबरून बदलणं आणि विचार करून बदलणं यात फरक आहे. आपल्या अमळनेरात 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली विप्रो पुढे संगणकाकडे वळली. कंपनीनं धंदा बदलला तर आपण तिला दूरदृष्टी म्हणतो. माणसानं कामाची जागा बदलली, शहर बदललं, पद खाली-वर झालं, तर "उतरला" का म्हणायचं?

पैशाच्या आणि कागदांच्या गोष्टी आता भराभर सांगते, इतर वाचकांनीही लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. ज्यांना एचआरचं बोलावणं अजून यायचंय त्यांनी एवढं करावं: खोलीत बसवून लगेच सही मागितली तर कागद मेलवर पाठवायला सांगा, एक दिवस मागून घ्या, शांतपणे वाचा. राजीनामा दिला की ती नोंदीत तुमची इच्छा ठरते. मॅनेजर पदावरच्या माणसाला कामगार कायद्यातलं छाटणीचं संरक्षण सहसा मिळत नाही, त्यामुळे किती महिन्यांचा पगार, विमा कधीपर्यंत, अनुभवपत्रात काय लिहिणार, हे सहीच्या आधीच बोलून लेखी घ्यायचं.

भाऊ, तुमची ग्रॅच्युइटी आली का, याचा पत्रात उल्लेख नाही. सोळा वर्षांच्या नोकरीला ती मिळतेच, उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून. दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. ज्या पगारावर ती मोजतात तो 50 हजार असेल तर सोळा वर्षांचे सुमारे 4 लाख 61 हजार होतात. 30 दिवसांत द्यायची असते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यांच्याप्रमाणे काम संपल्यावर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो, आणि ग्रॅच्युइटी मोजताना धरलेला पगार एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी दाखवता येत नाही. एचआरला मेल करून हिशोबाचा तक्ता मागवा. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि फॉर्म 16 त्याच मेलमध्ये मागा.

पीएफला हात लावू नका. नोकरी नसली तरी त्यावर व्याज चालू राहतं, आणि दहा वर्षांच्या वर सदस्यत्व झालेल्या माणसाला वयाच्या 58 नंतर पेन्शन असते. नवीन नोकरी लागली की जुनं खातं तिकडे वळवून घ्या. बँकेत हप्ता चुकायच्या आधी जा, चुकल्यावर नाही. 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि मग बँकेची भाषा बदलते. आज गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्याबद्दल बोलता येतं. हाती आलेले पैसे एकरकमी कर्जात भरून टाकू नका, तुम्हाला आत्ता रोख लागणार आहे.

कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक बंद झाला असेल किंवा होईल. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे मुदत संपायच्या आत विचारा, म्हणजे जुन्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाणार नाही. अप्पा 73 वर्षांचे आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. वयाच्या 70 नंतर उत्पन्न न बघता वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचाराची सोय त्यात आहे. गावी जाताय तर हे काम करूनच या.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा प्रत्येक जण लबाड समजा. नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, घरबसल्या टास्क, सगळं एकच. कंबोडिया-म्यानमारकडे डेटा एंट्रीच्या नावानं नेऊन अडकवलेली शिकलेली मुलं आपल्या देशातलीच होती. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आणि नाशिक. तुम्ही नव्या पगाराची तुलना जुन्या पगाराशी करताय. मी म्हणते, ती घराच्या खर्चाशी करा. वहिनींचा पगार आणि नाशिकचा हातात येणारा पगार मिळून हप्ता, मुलीची शाळा, दोन घरांचा खर्च भागतो का? भागत असेल तर माझं मत जाण्याच्या बाजूनं आहे, कारण तुम्हीच लिहिलंय की तिथं तुम्हाला स्वतः तांत्रिक काम करावं लागेल. तुम्ही त्याला खाली उतरणं म्हणता. तिन्ही मुलाखतींत जे कमी पडलं तेच काम करायचे ते पगार देतायत. मुलगी पुढच्या वर्षी दहावीत, तेव्हा तिला आणि वहिनींना लगेच हलवू नका, पहिलं वर्ष तुम्ही एकट्यानं राहा. नाशिकहून भुसावळ रेल्वेनं चार तासांच्या आत-बाहेर आहे, अप्पांकडे जाणं पुण्यापेक्षा सोपं होईल.

भागत नसेल तर नाही म्हणा, आणि न लाजता म्हणा. पण त्याआधी एकदा मागून बघा, त्यांना म्हणा: पगार वाढत नसेल तर सहा महिन्यांनी फेरविचार होईल असं नेमणूकपत्रात लिहून द्या, आठवड्यातले दोन दिवस पुण्यातून काम करू द्या, नोटीस पीरियड 90 ऐवजी 30 दिवसांचा ठेवा. शेवटची मागणी महत्त्वाची आहे, कारण वर्षभरात चांगली संधी आली तर तीन महिने थांबायला कुणी तयार नसतं. पीएफ भरतात का, पगार महिन्याच्या महिन्याला होतो का, हे तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला गाठून विचारा. उत्तर द्यायला त्यांच्याकडे आखाजीनंतरच्या सोमवारपर्यंतची मुदत मागा, म्हणजे घरी बोलून निर्णय घेता येईल. नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत बाकीच्या मुलाखती थांबवू नका, आणि तुमच्या त्या जुन्या टीममधल्या मुलाला फोन गावी निघायच्या आधीच करा.